कमी आवाजाची काडतुसं

पोलीस येऊन गेल्याचं उत्तराला कळलं ते कचऱ्यापाशी. टोकियोतल्या हिगाशी-कसाईत तसं सगळंच कचऱ्यापाशी कळतं. कुणाची बदली झाली, कुणाची सासू आली, कुणाला दिवस गेले, सगळं. त्या दिवशी जाळायच्या कचऱ्याचा वार होता. कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून उत्तरा पिशव्यांवर निळी जाळी ओढत होती, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या कुमुदिनीकाकू स्वेटरवर शाल आणि शालीवर मफलर अशा थाटात लगबगीनं खाली आल्या. काकू दरवर्षी थोडे दिवस लेकाकडे राहायला येत. जपानीतले दोनच शब्द त्यांना येत, पण इमारतीतली बातमी त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे.

"उत्तरा, इकडे ये. खाऊ दे त्या कावळ्यांना काय खायचं ते." काकूंनी तिला सायकलींच्या आड ओढलं. "काल पोलीस आला होता. तुमची चौकशी करत होता."

"आमची?"

"अंबरीषची गं. माणूस कसा आहे, भांडतो का, पितो का, बायकोवर हात उगारतो का. दार आमच्या सुनेनं, मैत्रेयीनं उघडलं. मी मागून तिला सांगितलं, म्हण, आम्ही ओळखत नाही. पोरीनं चोख सांगितलं हो! मग तो निघाला वर सोनलकडे. पण मी काय स्वस्थ बसते? तो जिना चढेस्तोवर मी फोन लावला होता. सोनलही म्हणाली, ओळखत नाही. प्रणिताही म्हणाली, कोण अंबरीष? कुणी म्हणजे कुणी तोंड उघडलं नाही!"

काकूंचा चेहरा असा उजळला होता, जसं काही त्यांनी एकटीनं किल्ला राखला होता.

"अहो काकू, इतकी वर्षं आम्ही इथे राहतोय. तुमच्या घरच्या गणपतीला आरत्या कोण सांगतं?"

"म्हणून तर! आपल्या माणसाला आपण नाही वाचवायचं तर कुणी? पोलिसाला एक शब्द दिला की तो त्याचे दहा करतो. डोंबिवलीत आयुष्य काढलंय मी." मग काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "पण केलंय तरी काय त्यानं?"

उत्तरानं खरं तर सांगायला हवं होतं की काही केलेलं नाही, बंदुकीचं लायसन्स रिन्यू करायचंय, त्यासाठी पोलीस शेजारीपाजारी विचारतातच, इथली रीतच आहे. हे सगळं तिच्या ओठांवर होतं. बाहेर मात्र आलं ते वेगळंच.

"मला नाही माहीत, काकू," ती म्हणाली.

आणि ते अगदी खरं होतं.

अंबरीषकडे बंदूक आहे हे ऐकून माणसं आधी हसायची. हसण्यासारखंच होतं ते. माणूस उंच, काडीसारखा, चष्मेवाला. टोकियोतल्या एका बँकेसाठी दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. घरात अंडंसुद्धा न खाणारा. झुरळ मारायचं झालं तर बायकोला हाक मारणारा. असा हा माणूस एका सुट्टीत ऑफिसातल्या कुणाबरोबर चिबाच्या डोंगरात फिरायला गेला. तिथल्या एका गावात रानडुकरांनी उभी भातखाचरं नांगरल्यासारखी उकरून टाकलेली त्यानं बघितली. गावात शिकारी उरले होते ते सगळे म्हातारे. एकाचे गुडघे गेलेले, दुसऱ्याला मोतीबिंदू. त्यातल्या ओकुयामा-सान नावाच्या रिटायर झालेल्या दातांच्या डॉक्टरांनी सहज म्हटलं, तरुण माणूस मिळाला असता तर बरं झालं असतं. अंबरीष तेव्हा पंचेचाळिशीचा. त्याला कितीतरी वर्षांत कुणी तरुण म्हटलं नव्हतं. फसला बिचारा.

इथे बंदूक मिळवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्याइतकं अवघड. वर्ग, परीक्षा, डॉक्टरचा दाखला, बायकोला बोलावून विचारणं, बंदुकीचं कपाट भिंतीत ठोकलंय की नाही ते येऊन बघणं. अंबरीषनं सगळं पार पाडलं. मिळाली ती छऱ्याची बंदूक. रायफलीसाठी अजून कितीतरी वर्षं थांबायला लागतं. मग दर रविवारी तो पहाटेची ट्रेन पकडून गावाला जाई. गावकऱ्यांनी लावलेल्या पिंजऱ्यांत डुक्कर सापडलं की म्हातारे ते एका गोळीत संपवत, आणि हा मेलेलं डुक्कर बाहेर काढायचा दोर ओढायला. परतताना कधी मुळा आणे, कधी चिखलाचे बूट. पण चेहरा फुललेला असे. उत्तरानं विरोध केला नाही. ऑफिसात ज्याला सगळे नुसतं आडनावापुढे सान लावून हाक मारतात, त्याला कुठेतरी म्हातारे "अंबा, अंबा" म्हणून चहाला बसवून घेतात, हे तिला बरं वाटे.

पुढे त्यानं काडतुसं स्वतः भरायचा परवाना काढला. रिकामं काडतूस पुसायचं, दारू तोलून घालायची, वर छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी बसवायची, तोंड दाबून बंद करायचं. दारू म्हणजे बंदुकीची. प्यायची असती तर उत्तराला समजून घ्यायला सोपं गेलं असतं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो काटा मांडायचा आणि दारूचा कण न् कण तोलायचा. उत्तरा गॅसपाशी उभी राहून आमटीत अंदाजानं मीठ टाकायची आणि तोंड दाबून हसायची.

"तू कसं गं टाकतेस एवढं बिनधास्त?" तो विचारायचा.

"माझी आमटी चुकली तर नुसती खारट होते," ती म्हणायची.

तेव्हा तो मोकळेपणानं समजावून सांगायचा. एक दारू भसकन पेटते, दुसरी दमानं. हलक्या गोळीला एक मानवते, जड गोळीला दुसरी. जोडी जमली नाही तर नेम गेला आणि कधी बंदूकही गेली. उत्तराला सगळं कळत नसे, पण ऐकायला गोड वाटे. नवरा काहीतरी सांगतोय, हेच मुळात दुर्मीळ.

त्या वर्षीच्या शरद ऋतूपासून मात्र ते बंद पडलं.

एका रविवारी अंबरीष गावाहून आला तो थेट न्हाणीघरात शिरला आणि कितीतरी वेळ बाहेरच आला नाही. मुळा नाही, बूट धुतलेले. जेवला नाही. त्यानंतर काटा टेबलावर येईनासा झाला. आतल्या खोलीत दार लावून काम चाले. ती चहा घेऊन गेली की स्क्रीनवरचं पान चटकन बदले आणि तिथे बँकेचं काहीतरी दिसू लागे. आता हा माणूस सुट्टीच्या दिवशी बँकेचं काम आवडीनं करणाऱ्यातला नव्हता, हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं.

एकदा तो खाली पार्सल घ्यायला गेला तेव्हा तिनं बघितलं. पान अमेरिकेतलं होतं, इंग्रजी. आवाज दाबायचं नळकांडं बसवलेल्या बंदुकीसाठी घरी काडतुसं भरताना दारू आणि गोळी कशी निवडावी. गोळी आवाजाच्या वेगापेक्षा हळू गेली तर हवेत कडाका होत नाही, म्हणून जड गोळी, म्हणून कमी जोरातही नीट जळणारी दारू. खाली फोटोत एक दाढीवाला, तसलं काळं नळकांडं हातात धरून हसत होता.

जपानात तसलं नळकांडं लावायला साफ बंदी. आणि मुळात आवाज नको कुणाला असतो? ज्याला कुणाला कळू द्यायचं नसतं, त्याला.

तिनं विचारलं नाही. तिथेच तिचं चुकलं असं म्हणता येईल. पण शंका ही वस्तूच अशी की एकदा घरात आली की तिला आधी खायला घालावं लागतं. उत्तरानं घातलं. त्याच्या टीममधली अर्धी माणसं काढली होती, वरचा साहेब त्याला घालूनपाडून बोलत होता, हे तिला आठवलं. तो गप्प असला की, काय ठरवतोय? हसला की, कशाला हसला? स्टेशनवर सोडायला गेली की तो गेटातून आत गेल्यावर ती उगाच उभी राहून त्याची पाठ बघत बसे. बंदुकीच्या कपाटाची किल्ली तो कुठे ठेवतो हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं, कायदाच तसा. आता तेही तिला टोचू लागलं.

आणि त्यातच कचऱ्यापाशी काकूंनी ही शुभवार्ता दिली.

आठवड्याभरात पोलीस स्टेशनातून दोघांना बोलावणं आलं. बंदुकांचं काम बघणारे हिराता-सान तरुण होते, अतिशय नम्र. इतके नम्र की उत्तराला त्याचीच धास्ती वाटली. आधी अंबरीषला आत घेतलं. तो बाहेर आला तेव्हा कान लाल होते. मग तिला घेतलं. पुढ्यात गरम चहा ठेवला.

"तुमच्या यजमानांनी यंदा नेहमीची दारू सोडून दुसरीच घेतली," हिराता-सान म्हणाले. "गोळ्याही बदलल्या. का, विचारलं, तर म्हणाले, आवाज कमी हवा. का कमी हवा, तर म्हणाले, पिंजऱ्याशेजारी गोठा आहे, गाई बिचकतात."

"हो का," उत्तरा म्हणाली. गोठ्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मी ओकुयामा-सानना फोन केला. ते म्हणाले, त्या गावात गाय पाळल्याला जमाना झाला."

चहाची वाफ वर चढत होती.

"शेजाऱ्यांकडेही गेलो होतो," ते पुढे म्हणाले. "इतकी वर्षं एका इमारतीत राहणारा माणूस, आणि त्यांना कुणीच ओळखत नाही. जेव्हा कुणीच ओळखत नाही, तेव्हा आम्हाला जरा विचार करावा लागतो."

उत्तराला रडावं की हसावं कळेना. डोंबिवलीचं शहाणपण टोकियोच्या पोलिसांपर्यंत पोचलं होतं.

"म्हणून तुम्हालाच विचारतो. तुम्हाला त्यांची भीती वाटते का?"

नाही, असं चटकन म्हणायचं होतं. बायकांनी तसं म्हणायचं असतंच. पण तिच्या डोळ्यांपुढे ते बदलणारं पान आलं.

"भीती नाही वाटत," ती सावकाश म्हणाली. "पण तो काहीतरी लपवतोय. काय ते मलाही माहीत नाही."

हिराता-साननी मान डोलावली. निर्णय होईपर्यंत बंदूक आणि काडतुसं आमच्याकडे आणून ठेवा, असं त्यांनी दोघांना सांगितलं. सांगताना तीनदा वाकले.

बाहेर पडल्यावर अंबरीष ताडताड चालत नदीच्या बांधापर्यंत गेला. ती मागून. ऊन छान पडलं होतं, बांधावर म्हातारी माणसं कुत्री फिरवत होती.

"लपवतोय म्हणून सांगितलंस?" तो वळून म्हणाला. "पोलिसाला?"

"मग काय सांगू? आपल्या गोठ्यात किती गाई आहेत ते?"

तो बांधावरच्या बाकाकडे चालू लागला.

"अंबरीष, मी ते पान बघितलंय. कुणावर झाडायचीये तुला बिनआवाजाची गोळी? साहेबावर? माझ्यावर?"

"तुझ्यावर?" त्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण शब्द परत घेतला नाही. तो बाकावर बसला. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला.

"माझे डोळे मिटतात," तो म्हणाला.

"काय?"

"चाप ओढताना. आवाज होणार हे कळलं की आधीच मिटतात. पहिल्या दिवसापासून. नेमबाजीच्या रेंजवर कागदाला भोकं पाडायची असतात, कुठे ना कुठे पडतात, कुणाला कळत नाही. शरदात ओकुयामा-सान म्हणाले, अंबा, आज तू. पिंजऱ्यात मादी होती. अगदी जवळ, इथून ते आजोबा उभे आहेत तिथपर्यंत." त्यानं कुत्रेवाल्या आजोबांकडे बोट केलं. "मी डोळे मिटले. गोळी जबड्याला लागली. ती ओरडत राहिली, उत्तरा. मला दुसरी भरताच येईना. शेवटी ओकुयामा-साननी संपवली. मला म्हणाले, ओल्यात पाय घसरला असेल. मी म्हटलं, हो, घसरला."

उत्तरा त्याच्या शेजारी बसली.

"म्हणून म्हटलं, आवाजच कमी केला तर डोळे मिटणार नाहीत. ते नळकांडं इथे चालत नाही. पण दारू आणि गोळी त्या हिशोबानं निवडता येते. तेवढंच वाचत होतो."

"आणि हे मला सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू? की शिकारी नवरा फटाक्याला घाबरतो?"

"ते काय मला माहीत नाही? लवंगीची माळ लावताना उदबत्ती लांब करून पळणारा माणूस तू."

तो हसला नाही. तीही नाही. कारण हे ऐकताना तिच्या मनाचा एक कोपरा अजून सावध होता. गाईंचं त्यानं असंच सरळ चेहऱ्यानं सांगितलं असणार. मग हे खरं कशावरून?

"हे ओकुयामा-सानसमोर बोल," ती म्हणाली. "आणि त्या हिराता-सानसमोर. मी शेजारी बसते."

"गाव मला पुन्हा दारात उभं करणार नाही."

"नाही करणार तर नाही. पण मला रात्रंदिवस तुझी पाठ बघत बसायचं नाहीये."

मग त्यानं फोन काढून ओकुयामा-सानना लावला.

पोलीस स्टेशनात दुसऱ्यांदा गेले तेव्हा ओकुयामा-सान कोट घालून आलेले होते. आणि दारात आणखी एक मंडळ उभं. कुमुदिनीकाकू पुढे, मागे मैत्रेयी, सोनल, प्रणिता. लायसन्सचं खरं काय ते उत्तरानं आदल्या दिवशी काकूंना सांगून टाकलं होतं. आता काकू भरपाई करायला निघाल्या होत्या.

"सांग त्यांना," काकूंनी मैत्रेयीला कोपर मारलं. "आम्ही ओळखतो म्हणावं. सज्जन माणूस. आरत्या सगळ्या पाठ. भांडतो फक्त बायकोशी, तेही हळू आवाजात."

"आई, हे नको."

"का? खरं तेच सांगायचं ना आज?"

मैत्रेयीनं त्यातलं निम्मं सांगितलं आणि निम्मं गिळलं. हिराता-साननी आधी ओळखत नाही आणि आता आरत्या पाठ, याचं कारण विचारलं. मैत्रेयी लाल होऊन म्हणाली, आमच्याकडे पोलिसांना असंच सांगतात, कुणाचं वाईट होऊ नये म्हणून. हिराता-साननी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते त्यांना कळलं नसावं.

आत अंबरीषनं सगळं सांगितलं. मादीचं, जबड्याचं, गाईंचं खोटं. उत्तरा हिराता-सानकडे बघत नव्हती, ती ओकुयामा-सानकडे बघत होती.

"पाय घसरला नव्हता, हे मला त्याच दिवशी वाटलं होतं," ओकुयामा-सान म्हणाले. "जन्मभर मी दातांच्या खुर्चीत बसलेल्या माणसांचे चेहरे बघितलेत. मशीन सुरू व्हायच्या आधीच घट्ट मिटणारे डोळे मी ओळखतो. पण विचारायचा संकोच वाटला. पाहुणा माणूस." मग ते अंबरीषकडे वळले. "पण अंबा, हलका बार कागदासाठी. जनावराला पुऱ्या जोराचीच गोळी. अर्ध्या जोराच्या गोळीनं ते अर्धंच मरेल. ते तर आपण एकदा बघितलंय."

अंबरीषनं मान खाली घातली. हलक्या काडतुसांनीच पिंजऱ्यातलं काम भागवायचं, हाच त्याचा बेत होता, हे उत्तराला तेव्हा कळलं.

लायसन्स रिन्यू झालं. बंदूक परत मिळाली. पण हिराता-सान म्हणाले, आधी रेंजवर जा, ओकुयामा-सानबरोबर, आणि ते हो म्हणेपर्यंत पिंजऱ्याजवळ बंदूक न्यायची नाही. त्यावर ओकुयामा-सान उत्तराला, वहिनी म्हणावं तसं, म्हणाले, "ओकुसान, तुम्हीही या. मी हात बघीन, खांदा बघीन. डोळे बघायला ते डोळे ओळखणारं माणूस हवं."

रेंज चिबातच, दोन टेकड्यांच्या मधे. उत्तराला चष्म्याच्या काड्यांवरून कानांवर लावायला मोठाली लाल झाकणं मिळाली. ओकुयामा-साननी अंबरीषला त्याचीच दोन जातींची काडतुसं एका खोक्यात मिसळून ठेवायला लावलं. काही हलकी, जड गोळीची, नव्या दारूची. काही पुऱ्या जोराची. दिसायला सारखीच. न बघता उचलायचं, भरायचं, झाडायचं.

उत्तरा ठरवून दिलेल्या रेघेमागे बाजूला उभी राहिली. तिथून त्याचा उजवा डोळा काचेमागे नीट दिसत होता.

पहिला बार हलका निघाला. नुसता धप्प. डोळा उघडाच. दुसराही तसाच. अंबरीषच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं लांबूनही दिसत होतं. कागदावर दोन्ही भोकं मधोमध. तिसरा निघाला तो पुऱ्या जोराचा. टेकडी दणाणली. पण त्याआधीच, चापावरचं बोट हलायच्याही आधी, तिनं बघायचं ते बघितलं होतं.

कागदावरचं भोक मात्र मधोमधच होतं.

अंबरीषनं बंदूक उघडून खाली ठेवली, झाकणं काढली आणि वळला. चेहरा पोरासारखा फुललेला. "लागली! बघितलंस? उघडे होते ना?"

ओकुयामा-सानही तिच्याकडेच बघत होते.

एक हो म्हटलं असतं तर झालं असतं. भोक मधोमध होतं, साक्षीला कागद होता. पुढच्या रविवारी तो पुन्हा पिंजऱ्यापाशी उभा राहिला असता, मुळा घेऊन घरी आला असता. आणि त्या पिंजऱ्यात कधीतरी पुन्हा एखादी मादी असती.

"मिटले होते," उत्तरा म्हणाली. "आधीच."

अंबरीषचा चेहरा उतरला. तो तिच्याकडे बघत राहिला, रागानं की कशानं ते तिला कळेना. ओकुयामा-साननी मान हलवली. "मग हा हंगाम दोर ओढायचा, अंबा. पुढचा हंगाम पुढे बघू."

"हाय," अंबरीष म्हणाला. म्हणजे बरं.

मग त्यानं झाकणं पुन्हा कानांवर चढवली. खोक्यात हात घालून, न बघता, आणखी एक काडतूस उचललं. भरायच्या आधी त्यानं मागे वळून उत्तराकडे पाहिलं.

"नीट बघ गं," तो म्हणाला.

तिनं चष्मा सारखा केला.